एमएच-बारा, नॉर्थ कॅरोलिना

गाडीला परदेशी नंबरप्लेट लावून मिरवणारे तुम्हीही पाहिले असतील. आमच्या रॅलेत बीएमडब्ल्यूच्या नाकावर म्युनिकचा ‘एम’ लावून हिंडणारे पुष्कळ. त्यातले काही खरोखरच म्युनिकला जाऊन, गाडी ताब्यात घेऊन, युरोपात फिरवून आलेले. कंपनी 2020पर्यंत अमेरिकन गिऱ्हाइकांची तशी सोय करत असे. बाकीच्यांनी प्लेट घरपोच मागवलेली. त्यांचं मी मनावर घेत नाही. माझा जीव खाल्ला तो आमच्या एमएच-बारानं.

खरं नाव सांगत नाही; इथल्या मराठी मंडळातही ते कुणी घेत नाही. नॉर्थ कॅरोलिनात सरकारी नंबरप्लेट फक्त मागे लागते. अशी वीसेक राज्यं आहेत. पुढची जागा मालकाच्या हौसेला मोकळी. कुणी तिथे आपलं कॉलेज लावतो, कुणी येशूला. या गृहस्थानं टोयोटा कॅमरीला पुण्याच्या नाना पेठेतून बनवून आणलेली एमएच 12 लावली. पुढे देवनागरीत ४१४१, म्हणजे ‘दादा’. (सख्खा धाकटा भाऊही त्याला नावानं हाक मारतो.) अमेरिकन प्लेट बारा इंच बाय सहा, आपली पाचशे मिलिमीटर लांब आणि एकशेवीस उंच. भोकं जुळेनात, तेव्हा पठ्ठ्यानं नव्याकोऱ्या बंपरला ड्रिल मारलं.

आता प्लेट पुढे, आणि इथे सगळे गाडी नाकानं आत घालतात. म्हणजे एमएच 12 बघणार कोण? झुडूप! म्हणून हा गाडी उलटी लावतो. सगळीकडे. कॅरीच्या बालाजी मंदिरात दिवाळीच्या दिवशी मागे गाड्यांची रांग खोळंबलेली, आणि वहिनी पैठणी सावरत खाली उतरून, “येऊ दे, येऊ दे, डावीकडे... बास!” काही पार्किंगमध्ये उलटी गाडी लावायला मनाई असते, कारण कॅमेऱ्याला मागची, खरी प्लेट दिसावी लागते. तिथे त्यानं दंड भरला, पण गाडी सुलटी केली नाही. एकदा कुणाच्या तरी अंत्यविधीला आम्ही सगळे माना खाली घालून उभे, आणि त्या शांततेत बाहेरून ऐकू आलं, “येऊ दे, येऊ दे, अजून आहे जागा...” नंतर कितीतरी वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग एका कोजागिरीला त्याचा शाळासोबती भेटला आणि उघड झालं की स्वारी मूळची चिंचवडची. म्हणजे एमएच चौदा! मी भर दुधात विचारलं, तर म्हणाला, “इथे चौदा ओळखतंय कोण?” जणू बारा ओळखायला रस्त्यात गव्हर्नर उभा होता.

तरी एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करणं भाग आहे. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आमची गाडी बंद पडलेली. मध्यरात्र उलटून गेली होती. हा बोलावल्याबरोबर विमानतळावर हजर. तीन विमानं बदलून, व्हीलचेअरवर बसून, इंग्रजीच्या धाकानं आई अगदी एवढीशी झाली होती. वळणावरून गाडी समोर आली आणि ती एकदम ताठ झाली. “अगंबाई, पुण्याची गाडी!” सामानाची वाटही न बघता पुढे जाऊन बसली. रस्ताभर ती त्याला मंडईतले भाव सांगत होती आणि तो “हो मावशी, हो मावशी” करत होता. चिंचवडचं नाव दोघांनीही काढलं नाही. मीही नाही.

मागे तो निवृत्त होऊन पुण्याला परतला. पुणं म्हणजे पिंपळे सौदागर. नव्या क्रेटाला नियमानं मिळाली एमएच 14. तीही हाय सिक्युरिटी. आकड्यांचा दादा करायची सोय नाही. मी भेटायला गेलो तर मागच्या काचेत नॉर्थ कॅरोलिनाची प्लेट, ‘फर्स्ट इन फ्लाइट’. गाडीची मूळ प्लेट तिथला विमा बंद करण्याआधी सरकारजमा करावी लागते, तेव्हा ही भेटवस्तूंच्या दुकानातली. राइट बंधू, किटी हॉक, 1903 हे सोसायटीच्या वॉचमनला तोंडपाठ झालंय. आणि प्लेट आता मागे असल्यामुळे हा गाडी सुलटी लावतो! मागची बाजू फाटकाकडे. वहिनी गाडीतून उतरतात त्या थेट लिफ्टमध्ये शिरतात.

परवा म्हणे चौकात हवालदारानं अडवलं. “हे काय?” यानं विमानाचा शोध पहिल्यापासून सुरू केला. हवालदारानं सगळा ऐकून घेतला आणि म्हणाला, “विमानाचं असू द्या साहेब, हिची पीयूसी दाखवा.”

“आणि आपली एमएच 12?” मी विचारलं.

“भाच्याला दिली. तो ऑस्टिनला असतो,” तो म्हणाला आणि एकदम उदास झाला. “पण टेक्सासमध्ये पुढेसुद्धा सरकारी प्लेट लागते रे. पोरं तिकडे जाताना बघत नाहीत काही. त्याला सांगितलंय, जॉर्जियात नोकरी शोध.”