पानफुटीची रात्रपाळी

शाळेच्या पुस्तकात एक वाक्य पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसलंय: पान हे वनस्पतीचं स्वयंपाकघर आहे. परीक्षेत लिहिलं की गुण मिळायचे, म्हणून आपण कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात वाण्याकडचं सामान आल्याशिवाय पान हलत नाही, आणि झाडाच्या पानाला तर वाणीच नाही. आपण लाकूड जाळून धूर करतो. पान त्या धुरातला वायू धरून त्याचं पुन्हा लाकूड करतं. आणि खरकट्याचं म्हणाल, तर पानाचं खरकटं म्हणजे प्राणवायू. आपण सगळे त्या खरकट्यावर जगतो, हे छापायचा धीर पुस्तकवाल्यांना झाला नसावा.

झाड हवा खाऊन वाढतं ही गोष्टच मुळात पटायला अवघड. सतराव्या शतकात फान हेल्माँट नावाच्या ब्रुसेल्सकडच्या वैद्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घातली आणि ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं, तर ते १६९ पौंडांच्या वर गेलेलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट जेमतेम २ औंसांची! एवढं लाकूड पाण्यातूनच आलं, असं त्याने ठरवून टाकलं. गंमत अशी, की कोळसा जळताना जो वायू सुटतो त्याची ओळख पटवणारा माणूसही हाच. उत्तर खिशात होतं, पण खिसा चाचपायचं सुचलं नाही. त्याचं हे लिखाण तो गेल्यावर १६४८ मध्ये छापलं गेलं, त्यामुळे कुणी विचारायलाही गेलं नाही.

आंब्याचं एखादं जून पान उलटंपालटं करून पाहा. वरची बाजू गर्द आणि तुकतुकीत, खालची फिकी. वरच्या मेणचट, पारदर्शक कातडीखाली लांबट पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि हरितलवकं त्यांच्यातच ठासून भरलेली असतात, कारण ऊन तिथे आधी पोचतं. त्यांच्याखालच्या पेशी मात्र ऐसपैस, मध्ये मोकळी जागा सोडून बसलेल्या. हवा खेळायला ती जागा लागते. अगदी खालच्या कातडीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं, म्हणजे पर्णरंध्रं. प्रत्येकाच्या दोन बाजूंना दोन बाकदार रक्षक पेशी. त्या पाण्याने टम्म फुगल्या की भोक उघडतं, ढिल्या पडल्या की मिटतं.

सगळी कुचंबणा या भोकापाशी आहे. हवेच्या दहा हजार रेणूंत पानाच्या कामाचा कार्बन डायऑक्साइड चारच्या आसपास. तेवढ्यासाठी तोंड उघडं ठेवावं, तर आतली ओल भसाभसा बाहेर. मुळांनी मर मर मरून ओढलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त असंच उडून जातं. तोंड मिटावं तर उपास. भूक भागवायची तर तहान सोसायची. वैशाखात भर दुपारी हा हिशेब रोज मांडायचा. ज्वारी आणि ऊस यांनी आधी वायू धरून आत एका जागी दाटवायची युक्ती काढली आणि थोडक्या पाण्यात बरंच काम भागवलं. (म्हणून उसाला कमी पाणी लागतं असं नव्हे. तो शेतात वर्ष-दीड वर्ष उभा असतो आणि तेवढा काळ पीत असतो. युक्तीचा फायदा मुक्कामाने खाल्ला.)

पण मला विचाराल तर खरी हुशार पानफुटी. मूळची मादागास्करची, आता आपल्याकडे निम्म्या गॅलऱ्यांत. कुंडी फुटकी असो, पाणी घालायला विसरा, तिची तक्रार नसते. पान मातीवर पडलं की कडेच्या खाचांतून पिल्लं. आमच्या शेजारच्या काकांना कुणीतरी मुतखड्यावर हे पान सांगितलं. खड्याचं काय झालं ते डॉक्टर जाणोत, पण घरात वाद मात्र सुरू झाला. काका पहाटे पान चावून म्हणायचे, “केवढं आंबट आहे गं हे!” काकू दुपारची आवराआवर झाल्यावर चाखून म्हणायच्या, “कुठे काय आंबट? अहो, तुमची जीभच बिघडलीय.”

हा निकाल १८१५ सालीच लागला होता. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. हेच पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागतं, हे त्याचं निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. पान दिवसभर चाखत बसायला सवड असलेला शास्त्रज्ञ ही मला फार सुखाची कल्पना वाटते. कारण उमगायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. पानफुटी दिवसा पर्णरंध्रं मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री मिळालेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवते. सफरचंदाला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. सकाळी ऊन आलं की तोंड मिटून, आतल्या आत आम्ल मोडून वायू सोडवायचा आणि त्याची साखर करायची. दुपारपर्यंत आंबटपणा संपलेला असतो. निवडुंग आणि अननसही याच जातकुळीतले.

पानफुटी रात्री जागते म्हटल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर ‘चोवीस तास प्राणवायू देणारं झाड’ म्हणून तिचा फोटो फिरलाच. पिंपळ आणि तुळशीच्या पंक्तीत तीही जाऊन बसली. रात्री ती वायू आत घेते हे खरं, पण प्राणवायू सुटतो पाणी फोडल्यावर, आणि पाणी फोडायला उजेडच लागतो. कुठलंच झाड अंधारात ते करत नाही. मी तसं लिहिलं, तर लोकांनी मला हात जोडलेली चित्रं पाठवली.

काका-काकूंना मात्र मी हाइनसाहेबाची सगळी गोष्ट सांगितली. दोघांचीही जीभ शाबूत ठरल्याने दोघंही जरा हिरमुसली. पुढे आषाढात आभाळ असं दाटलं, की दिवसभर दिवे लावावे लागले. ऊन नाही म्हणजे आम्ल मोडायचं कामही रेंगाळणार. त्या दुपारी काकूंनी पान तोंडात टाकलं आणि डोळे बारीक केले.

“आंबट आहे थोडं,” त्या म्हणाल्या.

काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “काही नाही गं, जीभ बिघडली असेल.”