‘सर्व भाषा’वाल्या कारखानदारांस अनावृत पत्र

मु. पो. उमरखेड, जि. यवतमाळ

ई-बुक रीडर बनवणाऱ्या थोर कारखानदारांस,



आपल्या यंत्राच्या खोक्यावर ‘जगातल्या सर्व भाषा’ असे छापलेले वाचले आणि उमरखेडचा समावेश अखेर जगात झाला, म्हणून आम्ही आनंदलो. यंत्र देखणे आहे. मे महिन्याच्या उन्हातही पडदा स्वच्छ वाचता येतो. पान स्थिर असताना तो वीज खात नाही, त्यामुळे यंत्र लोडशेडिंगला दाद देत नाही. एवढे दिल्यावर अक्षरेही धड उमटावीत असा हट्ट धरणे हा आमचाच कृतघ्नपणा.

पहिलेच मराठी पुस्तक उघडले. ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’ ओलांडून पलीकडे जाऊन बसली होती. ‘धर्म’चा रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेल्या ‘र’च्या रूपात ओळीत लंगडत होता. मधूनमधून ठिपक्यांची वर्तुळे होती, ती बहुधा नक्षी असावी. आपल्या मदतकेंद्राने फॉन्ट टाकायला सांगितले. टाकला. अक्षरे सुबक झाली आणि चुकीच्या जागी तशीच राहिली. फॉन्टात आकार आणि ते जोडण्याचे नियम असतात; ते नियम लावून कोणता आकार कुठे बसवायचा ते वेगळे सॉफ्टवेअर ठरवते, हे मदतकेंद्राला कोणी सांगितलेले दिसत नाही. ‘हार्फबझ’ हे तसले सॉफ्टवेअर फुकट मिळते, अँड्रॉइड आणि फायरफॉक्स तेच वापरतात. फुकटची वस्तू घेणे आपल्या इभ्रतीला शोभले नसेल.

त्यानंतर आम्ही उद्धटपणे हिब्रू उघडले. उमरखेडच्या माणसाला हिब्रू कशाला, असे आपण विचाराल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजे बेने इस्रायली ज्यू, आमचेच मराठी लोक. पेसाहच्या सणाला वाचायचा ‘हगादा’ त्यांच्यासाठी 1846 साली मुंबईत हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह शिळाछापावर छापला गेला. 1874 मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती निघाली. पुढे या बेने इस्रायलींतले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवू लागले. अशा पुस्तकांत दोन्ही लिप्या शेजारीशेजारी येणार, हे उघड आहे.

बिचाऱ्या हिब्रूची मागणी देवनागरीपेक्षा कितीतरी कमी. जोडाक्षरे नाहीत, वेलांट्या नाहीत. पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी रूपे बदलतात, ती टाइप करणाराच टाइप करतो. स्वरांचे ठिपके बहुतेक आधुनिक पुस्तकांत नसतातच. फक्त मजकूर उजवीकडून डावीकडे जावा, मधले आकडे मात्र डावीकडूनच वाचले जावेत, आणि पान उलट्या बाजूला उलटावे. आपल्या यंत्राने ओळ उलटी लावली, पूर्णविराम भलत्या टोकाला टाकला आणि ‘पुढे’ म्हटले की मागे नेले. 1846 च्या दगडाला हे जमले होते. अर्थात त्याच्यावर हाताने लिहिणारा माणूस होता, हा आपल्या बाजूचा मुद्दा मान्य.

‘मेनू मराठीत आहे ना?’ असे आपल्या प्रतिनिधीने विचारले. मेनू मराठीत असणे आणि पुस्तक मराठीत उमटणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपाहारगृहातही असेच असते, हे आपल्याला ठाऊक असेलच.

आमच्यासारख्या अडाण्यांनी अखेर ‘कोरीडर’ नावाचे फुकट सॉफ्टवेअर शोधले. ते कोबो, पॉकेटबुकसारख्या यंत्रांवर चालते आणि उलट्या दिशेच्या लिप्या व पानेही सांभाळते. पण ते बसवण्याची खटपट गिऱ्हाइकाने करायची आणि पैसे आपण घ्यायचे, ही वाटणी आम्हाला कळली नाही.

तरी विनंती अशी की ‘सर्व भाषा’ खोडून कोणत्या लिप्या नीट उमटतात, त्यांची नावे खोक्यावर छापावीत. हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एवढेच सांगणे: ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्रीय’, ‘किती’ हे शब्द आणि हिब्रूची एक आकडेवाली ओळ असलेले एक पान ई-पब करून ठेवा, आणि ते विक्रेत्याने त्याच यंत्रावर उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपला,
उमरखेडचे एक गिऱ्हाईक

ता. क. उत्तर कागदावर पाठवावे.