गेम ‘बेकार’ आहे, हे अधिकारवाणीने कसे सांगावे
(शिंदखेडा तालुक्यातील होतकरू समीक्षकांसाठी)

हल्ली कोणता गेम खेळतोस आणि कसा आहे, हे दोन प्रश्न शिंदखेड्यात आता ‘पाऊस कुठपर्यंत आला’ इतक्याच सहजपणे विचारले जातात. पावसाबद्दल काय बोलायचे ते ज्याला त्याला ठाऊक असते. गेमबद्दल मात्र अजून शिस्त आलेली नाही. कोणी सरळ ‘मस्त आहे’ म्हणून मोकळा होतो, कोणी तर ‘मला जमत नाही’ अशी कबुलीच देऊन बसतो. अशाने समीक्षेचा दर्जा घसरतो. म्हणून ही मार्गदर्शिका. ती धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्यापुरती आहे. जिजाऊंचे सिंदखेड राजा बुलढाणा जिल्ह्यात येते, तिकडच्यांनी आपली सोय आपण पाहावी. दोंडाईचा आपल्याच तालुक्यात, पण तिथले खेळाडू मोठ्या बाजारपेठेचे असल्यामुळे कोणाचे ऐकत नाहीत. त्यांना ही ऐच्छिक समजावी.

पात्रता

समीक्षकाकडे स्वतःचा फोन असलाच पाहिजे असे नाही, काकांचा चालतो. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली असावी, बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली असावी आणि चार्जरची वायर विशिष्ट कोनात धरल्याशिवाय चार्जिंग होऊ नये. अशा फोनवर खेळणाऱ्याच्याच मताला वजन असते. अपडेटला जागा नसेल तर काकांच्या फोनमधले साखरपुड्याचे व्हिडिओ उडवावे लागतात. ते कसे उडाले, याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.

मिरचीच्या हंगामात देठ खुडून आलेल्या हातांनी खेळू नये. स्क्रीनला काही होत नाही, पण मॅच ऐन रंगात असताना डोळा चोळला जातो आणि पुढचा सगळा खेळ कानांवर खेळावा लागतो. अंगठ्याला घाम येत असल्यास कॅरमची पावडर चिमूटभर लावावी. घरातल्या टाल्कमला वास येतो, त्यावरून माय ओळखते.

मूलभूत नियम

जिंकलो तर हात, हरलो तर नेट. हा नियम पाठ झाला की निम्मी समीक्षा आली.

पिंग म्हणजे आपल्या फोनचा निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवतात. आकडा कमी असेल तर हिरवा, दोनशेच्या पुढे गेला की लाल. आकडा लाल असताना आपण समोरच्यावर नेम धरून गोळी झाडतो, पण सर्व्हरच्या हिशोबात तो माणूस तोवर भिंतीआड जाऊन पाणी पिऊन आलेला असतो. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती बिनदिक्कत करावी. आकडा हिरवा असताना हरलात, तर आकड्याकडे पाहू नये. सुरत-भुसावळ मार्गावरून मालगाडी गेली की नेट जाते, असा सिद्धांत स्टेशनकडचे खेळाडू मांडतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, पण वापरायला हरकत नाही.

आवडते ते कबूल करण्याची रीत

फ्री फायर, म्हणजे आता फ्री फायर मॅक्स, हा गोळीबाराचा गेम आवडण्याचे खरे कारण ग्राफिक्स नव्हे. पन्नास खेळाडू, दहा-एक मिनिटांत निकाल, आणि साध्या फोनवरही चालतो. बीजीएमआय, म्हणजे पूर्वाश्रमीचा पबजी, हा शंभर खेळाडूंचा आणि अर्ध्या तासाचा मामला. त्यातला एरंगेलचा नकाशा आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटर, म्हणजे शिंदखेड्याहून निघालेला माणूस नरडाण्याला पोचायच्या आत जग संपते. गिरणीवर दळण होईपर्यंत दहा मिनिटांचा गेम बसतो, अर्ध्या तासाचा बसत नाही. पण असे कारण सांगितले तर आपण गरजू दिसतो. त्याऐवजी ‘फ्री फायरचा स्पीडच वेगळा’ म्हणावे.

दहा वर्षांखालील समीक्षकांचे एकमत ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’वर आहे. त्यात गेममधल्या फोनवर ठरावीक नंबर फिरवला की गाडी समोर हजर होते. हप्ता नाही, लायसन्स नाही. हा गेम मोठ्यांनाही आवडतो. त्यांनी तो भाच्यासाठी घेतल्याचे सांगावे.

आता सगळ्यांत अवघड आवड. नॉक झालेला, म्हणजे पडलेला पण अजून न मेलेला, खेळाडू गुडघ्यांवर रांगत असतो, त्याचा जीव पट्टीवर उतरताना दिसत असतो, आणि स्क्वॉडमधला, म्हणजे त्याच्या टोळीतला, एक जण धुराचा गोळा फेकून, गोळ्या अंगावर घेत त्याच्यापाशी येतो आणि त्याला उठवायला बसतो. बीजीएमआयमध्ये याला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही, हलता येत नाही, पळता येत नाही. मूल मराठी मीडियमचे असो की इंग्लिश मीडियमचे, या क्षणी तोंडातून अहिराणीच निघते. ‘माले उठाड रे भो!’ ‘दम धर, उनू!’ (मला उठव रे भाऊ. थांब, आलो.) नव्या बंदुका, नवे नकाशे, नवे कपडे यांवर तासन्‌तास बोलणारे खेळाडू या दहा सेकंदांबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि गेम फोनमधून काढून टाकत नाहीत ते याच्यामुळेच. समीक्षकाने हे ध्यानात ठेवावे, चारचौघांत उच्चारू नये. उठवायला आलेला भो स्वतःच मेला तर त्याला शिव्या घालाव्यात. कृतज्ञता व्यक्त करण्याची तीच मान्य पद्धत आहे.

नावडीचे प्रकार

गवतात आडवे पडून वाट पाहणाऱ्याला कॅम्पर म्हणतात. दुसऱ्याने केले तर ते कॅम्पिंग, आपण केले तर पोझिशन. ज्याने आपल्याला लांबून एका गोळीत पाडले तो हॅकर. काही खरोखरच हॅकर असतात, त्यांची खाती कंपन्या बंदही करतात. पण समीक्षेत खरे-खोटे निवडत बसायला वेळ नसतो.

पहिल्याच दिवशी आठ जणांना लोळवले म्हणून गावभर सांगत सुटू नये. नवख्याला धीर यावा म्हणून गेम त्याच्यापुढे बॉट सोडतो, म्हणजे संगणकाने चालवलेली, गोळी दुसरीकडेच झाडणारी माणसे. रँक वाढली की खरी माणसे येऊ लागतात. तेव्हापासून ‘गेम आता पहिल्यासारखा राहिला नाही’ असे म्हणावे. हे वाक्य कोणत्याही गेमला, कोणत्याही वर्षी लागू पडते. घरात टीव्हीला समुराईचा व्हिडिओ गेम जोडून कॉन्ट्रा खेळलेली, कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारणारी आजची चाळिशीतली मंडळीही हेच म्हणतात, फक्त सगळ्याच गेमांबद्दल एकदम.

पैशाबद्दल जरा सविस्तर. 2021 मध्ये बीजीएमआय आला तेव्हा कंपनीने अठरा वर्षांखालच्यांसाठी गेममधल्या खर्चाला दिवसाला 7,000 रुपयांची मर्यादा घातली. मुलांच्या काळजीपोटी. 2024-25च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 7,121 रुपये. म्हणजे आपल्याकडच्या पोराने अगदी मर्यादेत राहून खर्च केला, तर रोज एक क्विंटल कापूस विकायचा आणि वर 121 रुपये शिल्लक टाकायचे. हमाली आणि गाडीभाडे धरलेले नाही. इतकी काळजी आपल्या शेतकऱ्याच्या पोरांची आजवर कोणी घेतली नव्हती.

हा पैसा जातो स्किनमध्ये, म्हणजे बंदुकीच्या आणि अंगावरच्या रंगरंगोटीत. बीजीएमआयमध्ये स्किन नुसती शोभेची. फ्री फायरमध्ये बंदुकीच्या बऱ्याच स्किनमुळे माऱ्याचा जोर किंवा वेगही बदलतो, आणि खेळाडूंचा खरा संताप तिथे आहे. दोघांचा नेम सारखा, पण एकाच्या बापाच्या खात्यात पैसे आहेत. हा मुद्दा मांडताना आवाज चढला तरी चालेल. स्किन मिळावी म्हणून पैसे भरून लकी स्पिनचे चाक फिरवणाऱ्यांना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटणारी वडीलधारी मंडळी ‘हा जुगार शे’ असे ऐकवतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांचा या विषयातला अनुभव दांडगा आहे.

दाखले

मताला वजन यावे म्हणून अधूनमधून बाहेरच्या जगाचा दाखला द्यावा. सोनीचा कॉनकॉर्ड हा गेम 23 ऑगस्ट 2024 रोजी आला. खेळायला माणसेच फिरकली नाहीत. मध्ये पोळा झाला आणि गणपती बसायच्या आदल्या दिवशी, 6 सप्टेंबरला, गेमचे विसर्जन झाले. घेणाऱ्यांचे पैसे परत दिले. डिसेंबर 2020 मध्ये आलेला सायबरपंक 2077 इतका अर्धाकच्चा होता की प्लेस्टेशनच्या दुकानातून काही महिने काढूनच टाकावा लागला. लोकांनी मनसोक्त शिव्या दिल्या, कंपनीने दुरुस्त्या केल्या, आणि पुढे त्याच गेमचे कौतुक झाले. शिव्यांनी गेम सुधारतो याचा हा लेखी पुरावा.

आपल्या माणसांचेही दाखले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत पोचला. कौतुक झाले देखणेपणाचे, तक्रार झाली लवकर संपण्याची. आपल्याकडे तो चालेल अशा मशीनची वानवा असल्यामुळे मत द्यायला पूर्ण मोकळीक आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ 16 ऑक्टोबर 2024 रोजी आला. तो इन्स्टॉल करावा, स्क्रीनशॉट काढावा, अभिमान वाटून घ्यावा आणि रात्री बाकीचे तीन भो जिथे असतील तिथे परत जावे. गेम कितीही चांगला असला तरी तिथे एकटे बसून करायचे काय?

बंदी आल्यास

गेमवर बंदी येताच मत बदलावे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीवर बंदी आली. 1 तारखेपर्यंत जो लॅगी आणि हॅकरांनी भरलेला होता, तो 3 तारखेला जगातला सर्वोत्तम गेम झालेला होता. फ्री फायरवर 14 फेब्रुवारी 2022 रोजी बंदी आली. प्रेमभंगासाठी तारीख योग्यच होती, पण फ्री फायर मॅक्स मागे राहिल्यामुळे दुःख फार टिकले नाही. बीजीएमआय जुलै 2022 मध्ये दुकानातून गायब झाला आणि मे 2023 मध्ये परतला, तो अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास ही अट घेऊन. तेव्हापासून तालुक्यातल्या अनेक आजोबांच्या नावावर गेमची खाती निघाली असावीत. आजोबांना विचारल्यास ते काही सांगणार नाहीत. त्यांना माहीत नाही.

पैसे लावून खेळायच्या गेमांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदाच केला. 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची मंजुरी. इतक्या वेगाने तर आपल्याकडे अपडेटही उतरत नाही. त्याच्या आदल्या महिन्यात राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला गेम बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले. ‘गेमने पोट भरणार का?’ असे वडिलांनी विचारले, तर हा दाखला देऊ नये. फोन जातो.

घरगुती प्रसंग

ऑनलाइन मॅच थांबवता येत नाही. कॉन्ट्राला पॉजचे बटण होते, याला नाही, आणि खेळाडूंच्या मनातली सर्वांत खोल नावड हीच आहे, जरी ती कोणत्याही रेटिंगमध्ये लिहिलेली सापडत नाही. शेवटचा झोन, म्हणजे खेळायला उरलेली जागा, लहान होत असतो, चार जण उरलेले असतात, आणि आतून हाक येते, ‘जेवाले ये!’ पहिल्या हाकेला ‘उनू’ म्हणावे. दुसऱ्या हाकेलाही ‘उनू’च म्हणावे, स्वर जरा नरम ठेवावा. तिसरी हाक नसते. त्यानंतर वायफाय जाते.

बीजीएमआयमध्ये रक्त हिरवे दाखवतात, त्याचा घरी उपयोग करून घ्यावा. ‘बोंडअळी मारायचा गेम आहे’ असे सांगितल्यास वडील चार मिनिटे शांत बसतात, क्वचित कोणते औषध म्हणूनही विचारतात. मायच्या हातात लुडो किंग द्यावा. नवी मुंबईच्या कंपनीचा हा गेम 2016 पासून आहे आणि 2020च्या टाळेबंदीत त्याने घरेच्या घरे बसवून ठेवली. खेळायला लागल्यावर तिसऱ्याच डावाला तीही म्हणेल की मला मुद्दाम सहा पडू देत नाहीत. तालुक्याला आणखी एक समीक्षक मिळाला असे समजावे.

या मार्गदर्शिकेवरील हरकती रात्री जेवणानंतर, तोंडी द्याव्यात. मॅच सुरू झाल्यावर आलेल्या हरकतीचा विचार होणार नाही. स्क्वॉडमध्ये सध्या एक जागा रिकामी आहे. गवतात झोपून राहणाऱ्यांनी कृपया येऊ नये.