लेणीवाले भाऊजी

आमच्या भाऊजींना कुठल्याही गावात उतरवा, ते आधी डोंगराकडे बघतात आणि मग दरपत्रकाकडे. डोंगरात लेणं आणि दरपत्रकात सवलत, अशी दोन्ही सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येही दिसत नाही. त्यांच्या जातकुळीची माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुट्टीत एसटी स्टँडवर पाठीला सॅका लावलेलं सहा-सात जणांचं कुटुंब उभं असावं आणि पुढचा गृहस्थ वहीत बघून डोकी मोजत असावा. ओळखावं, वेरूळ नाहीतर जुन्नर.

बॅग नाही, सॅक, हा पहिला नियम. चाकाच्या बॅगेला हमाल लागतो, हमालाला पैसे लागतात आणि पैसे भाऊजींना लागतात, म्हणजे मनाला. सॅकेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चादर, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणि बॅटरी. बॅटरी स्वतः भाऊजींकडे. ताईने एकदा लिपस्टिक टाकली होती, तिचंही वजन झालं.

प्रवासाचा हिशोब तर ऐकण्यासारखा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट, म्हणून आमची आई प्रत्येक सहलीला हवीच. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट, म्हणून ताई आणि माझी बायको. बाराच्या आतलं पोर अर्ध्यात, म्हणून माझी मुलगी. पूर्ण तिकिटाचा मी एकटाच पाहुणा, त्यामुळे मला नेताना त्यांचा चेहरा जरा पडलेला असतो. अजिंठ्याचं तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखाली माफ. भाऊजी खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी फक्त भाच्याचा पंधरावा वाढदिवस बघून सहल त्याच्या आधीच्या आठवड्यात बसवली. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे न बघता आलेली कुटुंबं फाटकाशी उभी राहून एकमेकांवर खेकसताना दिसली की भाऊजी मुद्दाम थांबतात आणि आम्हाला दाखवतात. तेही एक प्रेक्षणीय स्थळच.

मुक्काम भक्तनिवासात. लेण्याजवळ देऊळ असतंच, हा त्यांचा सिद्धांत. वेरूळला घृष्णेश्वर, कार्ल्याला एकवीरा, आणि लेण्याद्रीला तर गिरिजात्मज गणपती लेण्यातच बसलेला. बायकांचं दर्शन होतं, खोलीचे पैसे वाचतात आणि पुण्य वरकड. विहारातल्या भिक्खूंच्या कोठड्या बघताना ते दगडी ओट्यावर हात फिरवतात आणि विचारतात, “गादी कशाला लागते माणसाला?” हा प्रश्न म्हणजे संध्याकाळच्या खोलीची पूर्वतयारी असते, हे आम्हाला आता कळतं.

आता एक मान्य केलं पाहिजे. लेणी त्यांना कळतात. फक्त ती ते जमाखर्चाच्या बाजूने वाचतात. कैलास लेणं कळसापासून खाली खोदत आणलं, हे सगळेच सांगतात. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, त्याची भक्ती, कारागिरांचं कौशल्य, वगैरे. भाऊजी मान वर करून एवढंच म्हणतात, “परांचीचा खर्च वाचवला बघ.” आणि विचार केला तर खरंच की! कार्ल्याच्या चैत्यगृहात इतर लोक छताच्या लाकडी कमानी बघत राहतात, दोन हजार वर्षांचं लाकूड म्हणून हळहळतात. भाऊजी खांबांपाशी. त्या खांबांवर ज्यांनी ज्यांनी खर्च केला त्यांची नावं कोरलेली आहेत, कितीतरी धेनुकाकट नावाच्या गावची, त्यांत काही यवनसुद्धा. एकेका खांबाला एकेक दाता. “टीटीएमएम!” भाऊजींचा आवाज चैत्यात घुमला. “ब्राह्मीत लिहिलंय, म्हणून तुम्हाला दिसत नाही.” त्या संध्याकाळी मिसळीचं बिल आलं तेव्हा आम्ही सगळे मुकाट्याने आपापल्या खांबाचे पैसे काढले. नाणेघाटातला दगडी रांजण मात्र त्यांना खपत नाही. तो जकातीचा, असं सांगतात. सातवाहनांच्या काळापासून टोल चालू आहे, या विचाराने घाट उतरेपर्यंत ते बोलले नव्हते.

गाईड हा त्यांचा नाजूक विषय. गाईड ते करत नाहीत, गाईडच्या कक्षेत राहतात. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात एका घोळक्याच्या दोन पावलं मागे, छताकडे बघत, पण कान पुढे, असे ते सरकत होते. पद्मपाणीपाशी घोळका थांबला, भाऊजीही थांबले. गाईड रंगात येऊन बोलत होता, भाऊजी मान डोलावत होते. बाहेर येऊन बूट घालताना मी विचारलं, काय म्हणत होता? भाऊजींनी नाडी दोनदा बांधली. “निळं कमळ आहे हातात,” ते म्हणाले. तेवढं मलाही दिसलं होतं. घोळका जपानी होता आणि गाईडही जपानीतच बोलत होता.

दहाव्या लेण्यात त्यांचा पारा चढला. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आला, त्याला लेणी दिसली आणि त्याने चित्र असलेल्या खांबावर आपलं नाव नि तारीख कोरून ठेवली. लोक यावर चित्र खराब केलं म्हणून चिडतात. भाऊजी म्हणाले, “बिनतिकीट आला, आणि वर पावतीसुद्धा स्वतःच फाडून गेला.”

पण त्या सहलीत खरा पेच आला तो त्याआधी, पायथ्याशी. आईच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात. एसटी फुकट असली तरी डोली फुकट नसते, ही बाब वहीत नव्हती. भाऊजी डोलीवाल्यांशी बोलले, परत आले, पुन्हा गेले. “आई, सावकाश चढलात तर...” असं त्यांनी सुरू केलं, तोवर आईने कमरेची पिशवी सोडून दर ठरवला होता आणि ती खुर्चीत बसलीही होती.

पहिल्या लेण्यातला जपानी प्रकार तिने डोलीतून नीट पाहिला असावा. दहाव्यातून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “जावईबापू, तो मराठी बोलणारा गाईड बोलवा. पैसे मी देते.”

गाईड आला. भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा गाईडच्या समोर, अगदी पुढच्या रांगेत उभे राहिले. सव्विसाव्या लेण्यात, महापरिनिर्वाणातल्या बुद्धाच्या लांबलचक मूर्तीपुढे, गाईडने दोन वाक्यं सांगितली असतील नसतील, भाऊजींनी वही उघडली आणि त्याला थांबवत म्हणाले, “एक मिनिट, तुम्ही लांबी सांगायची राहिलीत.”

“जावईबापू,” डोलीतून आवाज आला, “त्याचे पैसे दिलेत मी. त्याला बोलू द्या.”