विजेवर विश्वास ठेवणारा जलचर

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी एप्रिल-मे महिन्यांत अखंडित वीजपुरवठ्यावर निःशंक विश्वास ठेवून जगणारा एकच जीव शिल्लक राहिला आहे, आणि तो दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत पोहत असतो. बाकी सर्वांनी आपापली सोय लावून घेतली आहे. दुकानदाराने जनरेटर घेतला, दवाखान्याने बॅटऱ्यांची रांग मांडली, परीक्षार्थी मुलाने चार्जिंगचा दिवा उशाशी ठेवला, पिठाच्या गिरणीवाल्याने ‘लाइट आल्यावर या’ हे वाक्य पाठ केले, आणि शेतकऱ्याला तर कृषिपंपाच्या पाळीसाठी मध्यरात्री उठण्याची सवय कधीचीच लागली आहे. माशाने मात्र कसलीच पर्यायी व्यवस्था केलेली नाही. वीज नियमितपणे येत राहील, या सरकारी आश्वासनावर सर्वस्व सोपवून बसलेला असा दुसरा नागरिक बालाघाटच्या डोंगररांगांत शोधूनही सापडणार नाही.

हा मासा जामखेडच्या घरांत आला कसा, याचा विचार केल्यास त्याच्या आगमनाचा जीवशास्त्राशी फारसा संबंध नसल्याचे दिसते. तो बहुधा वास्तुशास्त्राच्या, आणि त्यात नंतर मिसळलेल्या फेंगशुईच्या, म्हणजे घरातील वस्तूंच्या मांडणीतून भाग्य वळवू पाहणाऱ्या चिनी परंपरेच्या शिफारशीवर येतो. त्या शिफारशीत आठ सोनेरी आणि एक काळा अशी माशांची संख्यादेखील ठरलेली असते. टाकीतील मासा मेला की घरावर येणारे संकट त्याने स्वतःवर घेतले, असेही या शास्त्रात मानले जाते. प्रशासकीय दृष्टीने पाहता याहून सोयीचा सिद्धांत अद्याप कोणत्याही खात्याला सुचलेला नाही, कारण दुपारभर वीज नसल्यामुळे गुदमरून मेलेला मासा या हिशेबात तक्रारीचा विषय न राहता कृतज्ञतेचा विषय होतो, आणि घरमालक वीज कंपनीच्या कार्यालयात जाण्याऐवजी नवा मासा आणायला जातो. घरावर येऊ घातलेले ते संकट म्हणजे पुढच्या महिन्याचे वीजबिल असावे, असा तर्क करता आला असता; परंतु ते मासा मेल्यानंतरही येतेच.

शास्त्रीय भाग थोडक्यात असा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मासा कल्ल्यांवाटे घेतो, आणि पाणी जितके तापते तितका हा वायू त्यात कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. त्याच वेळी उष्णतेने माशाच्या शरीरातील घडामोडी वेगावतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो नेमका तेव्हाच मागणी चढते, जी स्थिती वीज कंपनीला स्वतःच्या अनुभवावरून समजणे मुळीच अवघड नाही. टाकीतील हवेचा पंप या तुटीवर उतारा असतो. पंपाचे बुडबुडे स्वतः फारसा प्राणवायू देत नाहीत. ते पाणी ढवळून तळचे पाणी वर आणतात आणि पृष्ठभागावर हवेशी देवाणघेवाण घडवतात. वीज गेली की बुडबुडे थांबतात, पाणी निश्चल होते, आणि काही काळाने मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे राहतात. घरातली मंडळी याला ‘भूक लागली’ असे म्हणतात आणि वरून आणखी खाद्य टाकतात.

हे खाद्य टाकणे म्हणजे खरा घात होय. टाकीच्या फिल्टरमधील स्पंजात नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा यांसारखे सूक्ष्मजंतू राहतात, जे माशांच्या विष्ठेतून व कुजलेल्या अन्नातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर पुष्कळच निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जंतूंनाही प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. पाणी वाहायचे थांबले की बंद डब्याच्या फिल्टरमधील हे सफाई खाते काही तासांत मरणपंथाला लागते, आणि वीज परत आल्यावर त्या डब्यातील कुजके पाणी जोराने टाकीत सुटते. वीज नसताना तग धरलेले मासे वीज आल्यावर दगावण्याचे हे एक कारण आहे. त्यामुळे प्रदीर्घ खंडानंतर असा फिल्टर धुतल्याशिवाय सुरू करू नये.

आता खंडांचे प्रकार. जामखेडच्या बोलीत ‘लाइट गेली’ हे एकच वाक्य असले, तरी त्यामागे किमान चार भिन्न शास्त्रे आहेत. ‘फॉल्ट’ म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटले आहे आणि ते कुठे, याचा शोध चालू आहे. ‘परमिट’ म्हणजे वायरमन खांबावर चढलेला असल्याने लाइन मुद्दाम बंद ठेवली आहे. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत झाडांच्या फांद्या छाटण्यासाठी ते घेतले जाते, म्हणजे पावसाळ्यात वीज जाऊ नये म्हणून उन्हाळ्यात ती घालवली जाते. ‘डीपी जळाली’ म्हणजे रोहित्र गेले. या निदानानंतर शहाणा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. चौथा प्रकार वळिवाचा: दुपारी तीनपर्यंत ऊन, चारला वावटळ, सव्वाचारला अंधार, आणि पाऊस बहुतेक वेळा शेजारच्या तालुक्यात.

भारनियमन हा पाचवा प्रकार मात्र वेगळ्या सन्मानाने नोंदवावा लागतो, कारण तो चुकून घडत नाही, ठरवून केला जातो. २००५ साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या, ज्यायोगे वीज नेमकी कोणामुळे नाही हे सांगण्यासाठी एकाऐवजी अनेक कार्यालये उपलब्ध झाली. डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा होती. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईत तातडीचे भारनियमन पुन्हा अवतरले. कोणत्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीची, वीज आधी घालवायची हे त्या फीडरवरील वीजगळती आणि बिलवसुली पाहून ठरवले गेले. या न्यायाने, ज्याने उभ्या आयुष्यात तारेवर आकडा टाकला नाही आणि ज्याच्या नावे एक रुपयाचीही थकबाकी नाही, असा मासा शेजारच्या गल्लीतील आकड्याची शिक्षा भोगतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत ग्राहकाला चोवीस तास वीज मिळावी असे स्पष्ट म्हटले आहे. मासा ग्राहक नाही. त्याच्या नावे मंजूर भार नसतो.

आता ज्याच्या नावे तो असतो, त्याच्याकडे वळावे लागेल. सुस्थितीतील घरांत आता इन्व्हर्टर असतो, आणि त्याच्या बोर्डावर काय जोडले आहे, यावरून त्या कुटुंबाच्या मूल्यव्यवस्थेचा अभ्यास करता येतो. पंखा जोडलेला असतो, दूरदर्शन संच असतो, वायफायचा राउटर तर असतोच असतो, देवघरातील विजेची समईदेखील असते. माशांच्या पंपाची पिन मात्र टाकीमागच्या साध्या सॉकेटमध्ये असते, कारण वायरमनने लाइन ओढली तेव्हा टाकी घरात आलेली नव्हती. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास ऊर्जा मावते. जुन्या धाटणीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, तर घरगुती टाकीचा हवेचा पंप चार-पाच वॅट. म्हणजे एका पंख्याच्या विजेवर गल्लीतील यच्चयावत मासे श्वास घेऊ शकतात. तरीही ऐन मे महिन्यात संपूर्ण कुटुंब पंख्याखाली बसून, वायफायवरून, गुदमरलेल्या माशांना कसे वाचवावे याचे चित्रफीतरूपी मार्गदर्शन पाहत असते.

उपायांसाठी दूर जाण्याची खरोखर गरज नाही. याच जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, कित्येकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांच्या हाती साधी साधने देऊन रोग होण्याआधीच रोखता येतो हे दाखवले, ज्याचा जगभर अभ्यास झाला आणि १९७९ मध्ये ज्यासाठी त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माशांच्या बाबतीत ते साधे साधन म्हणजे न्हाणीघरातील मग होय. टाकीतलेच पाणी मगाने उचलून वीतभर उंचीवरून दर काही मिनिटांनी परत ओतले, झाकण काढून ठेवले, खिडकीचा पडदा ओढला, काचेभोवती ओले फडके गुंडाळले आणि खाद्य पूर्ण बंद केले, तर बरेच काही साधते. धडधाकट मोठा मासा चार दिवस उपाशी राहून मरत नाही. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, बंद बाटलीतून तरंगत ठेवावा, आणि तापमान एकदम दोन अंशांहून अधिक उतरू देऊ नये. हवेचा पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे वाहून पंपात आणि तिथून दिवाणखान्यात येऊ शकते. ज्या गावात नळाच्या पाण्यासाठी वार मोजले जातात, त्या गावात पाणी फरशीवर येणे ही चैन कोणालाच परवडणारी नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे मासाच विजेला साजेसा निवडणे. वास्तुशास्त्राने शिफारस केलेला गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, खादाड आणि प्राणवायूला हावरा आहे, म्हणजे जामखेडच्या मे महिन्यासाठी याहून गैरसोयीची निवड शोधणे कठीण. याउलट फायटर मासा चक्रव्यूह नावाच्या जादा अवयवाने थेट हवेतून श्वास घेतो. गप्पी मासा तर पृष्ठभागालगतच्या पातळशा थरातील प्राणवायूवर निभावून नेतो. म्हणूनच डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते त्याला डबक्यांत आणि हौदांत सोडते. पंप नाही, फिल्टर नाही, निधीची तरतूद नाही, आणि तरीही काम चोख, असा हा बहुधा एकमेव सरकारी कर्मचारी असावा. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे आणि पाणवनस्पती यांचा मेळ घालून टाकी जगवता येते असे दाखवले, तेव्हाही घरोघरी वीज नव्हतीच. कमी मासे, भरपूर वनस्पती आणि पसरट टाकी एवढ्यावर काम भागत होते. अर्थात रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, हे विसरून चालत नाही.

दोष केवळ कंपनीचा म्हणावा तर तेही पूर्ण खरे नाही. पुरवठा विहित वेळेत पूर्ववत न झाल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद २००३ च्या वीज कायद्यात आहे आणि त्यासाठीची मानके राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिली आहेत. परंतु भरपाईचा हिशेब तक्रारीच्या नोंदीपासून सुरू होतो, आणि घरात इन्व्हर्टर आल्यापासून तक्रार करण्याची उठाठेव उरलेली नाही. पंखा फिरत असलेल्या माणसाला वीज गेल्याचे उशिरा कळते आणि त्याचा राग त्याहून उशिरा येतो. तेव्हा ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बोर्डावर एक सॉकेट वाढवून घ्यावे, त्यात पंपाची पिन घालावी, आणि वीज गेली की १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक टाकीच्या काचेवर चिकटवून ठेवावा. यांपैकी कोणतीही गोष्ट माशाला करता येत नाही.