खिडकीतली गुलमंडी

सिडकोतल्या क्लासात मी पोरांना पायथन शिकवतो. इनपुट-प्रिंटला वैतागलेली पोरं खिडक्या-बटनं बनवायच्या टीकेइंटरवर आली की खुलतात. स्वतःची खिडकी, स्वतःचं बटन! मग पहिली हाक येते, ‘सर, बटन दिसंना.’ दिसेल कसं? बटन तयार केलं, पण ते कुठे लावायचं हे सांगितलंच नाही. प्लॉट कागदावर, ताबा नाही.

ताबा देण्याच्या तीन तऱ्हा. पॅक म्हणजे जुन्या शहरातली गुलमंडी. आला तो एका कडेला चिकटला, पुढच्याने उरलेल्या जागेत अंग चोरायचं. ग्रिड म्हणजे आखीव सिडको. ओळ आणि रकाना सांगा, काम झालं. (एन-चार, एन-सहा असले सुटसुटीत पत्ते असूनही पाहुणे चौकातून फोन करतातच, ते सोडा.) पोरांचा जीव मात्र तिसऱ्या तऱ्हेवर, प्लेसवर. डावीकडून दीडशे पिक्सेल, वरून ऐंशी, लावला गाडा! मग रस्ता कितीही रुंद करा, गाडा तिथंच.

मलिक अंबरने १६१० साली वसवलेलं जुनं शहर आणि सिडको एकाच महापालिकेत कसेबसे नांदतात. एका फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड नांदत नाहीत. आता निदान एरर तरी येते. पूर्वी दोघं एकमेकांची मांडणी मोडत बसायचे, तुझं की माझं करत, आणि प्रोग्राम जागीच गोठायचा. बर्कलीच्या जॉन औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये टीकेइंटरच्या मुळाशी असलेलं टीके बाहेर काढलं. आमची महासभा त्यांनी पाहिली असण्याची शक्यता नाही, पण शंका येते.

चित्रं काढायच्या कॅनव्हासवर वेगळाच गोंधळ. शाळेत वाय वर चढतो, इथे शून्य डाव्या-वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली उतरतो. एकाचं घर झालं छप्पर खाली, दार वर, सूर्य पायरीच्याही खाली. ‘सर, आलेख वहीत बरोबर होता,’ असं त्याचं म्हणणं. बरोबरच होता. गोल काढायचा तर कॅनव्हास आधी चौकोनाचे दोन कोपरे मागतो, यावर तर पोरं वाद घालतात.

परीक्षेला बाहेरचे सर आले. एका पोराचा कॅल्क्युलेटर, सगळा प्लेसने लावलेला, छान चालला. सरांनी खिडकी ओढून पडदाभर केली. बटनं डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने तशीच, बाकी सगळं रिकामं.

‘ही एवढी जागा कशासाठी?’

पोरगं म्हणालं, ‘सर, पार्किंग.’