सुतळी बॉम्ब आणि मतदाराची पापणी

अमेरिकेतल्या नेब्रास्कात काही संशोधकांनी ठाम मतांच्या 46 माणसांना खुर्चीत बसवलं, कानात अचानक मोठा आवाज सोडला आणि कुणाची पापणी किती जोरात मिटते ते मोजलं. जास्त दचकणारे फाशी, लष्करावरचा खर्च असल्या बाबतींत कडक मतांचे निघाले. हे 2008 साली छापून आलं. ते वाचून मला जे सुचलं, त्यासाठी मेंदूचा कुठला भाग लहान असावा लागतो, हे मात्र कुणी मोजलेलं नाही.

2024च्या लोकसभेचा प्रचार धाराशिवात रंगात आला होता. एका भोंग्यातून संविधान जाणार, दुसऱ्यातून मंगळसूत्र जाणार. भीती कुठल्या मेंदूला किती लागते हे न मोजताच दोन्ही बाजू ती सढळ हातानं वाटत होत्या. ते मोजून दाखवतो, असं मी चहाच्या टपरीवर जाहीर करून बसलो. आम्ही रिटायर्ड गुरुजी. एकदा जाहीर केलं की माघार नाही.

घरात दिवाळीचा तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब शिल्लक होता. तो टपरीमागं लावायचा, भाच्यानं मोबाईलवर गिऱ्हाइकांच्या पापण्या टिपायच्या, असा बेत. वात सादळलेली. विझली वाटून मी वाकून बघायला गेलो आणि तेरखेड्याची कीर्ती उगाच नाही हे कळलं. मी थेट कपबशा विसळायच्या बादलीत.

गिऱ्हाइकांपैकी एकाचीही पापणी लवली नाही. उलट सगळे उठून रस्त्याकडं बघायला लागले. ‘‘कुणाची रॅली आली?’’ दोघांनी तर खिशातून गमछे काढले; रंग अजून ठरायचा होता.

‘‘गुरुजी, बादलीत काय करायलाव?’’ बाकड्यावरच्या आबांनी विचारलं. ‘‘आवाजाला काय भ्यायचं? सोयाबीनचा भाव ऐकलाव का?’’

खरं तर माझी मोजपट्टी इथं लागणारच नव्हती. ओमराजे निंबाळकरांविरुद्ध 2019ला राणाजगजितसिंह पाटील, 2024ला त्यांच्या पत्नी अर्चना पाटील. म्हणजे नात्यानं दीर-भावजयीची लढत. मधल्या काळात धनुष्यबाणाची मशाल झाली, घड्याळ कमळाकडून फिरून पाटलांच्या त्याच घरात परतलं. एवढ्या उलथापालथीत मतदाराच्या मेंदूनं आकार तरी किती वेळा बदलायचा? ओमराजे तीन लाखांहून जास्त मतांनी आले. एवढे मेंदू काय एकाच मापाचे होते?

लंडनमध्ये 2011 साली 90 विद्यार्थ्यांचे मेंदू तपासून परंपरावाद्यांमध्ये भीतीशी संबंधित अमिग्डाला मोठा असतो असं निघालं होतं. तो खटाटोप सुरू झाला नट कॉलिन फर्थ यांच्या हौसेपोटी, तेव्हा हौशी माणसांत मी एकटाच नाही. निवडणूक आटोपल्यावर नेदरलँड्समधल्या 928 जणांवरची फेरतपासणी आली. फरक उरला तिळाएवढा. नेब्रास्काचा निष्कर्ष तर 2020लाच दुसऱ्या संशोधकांच्या हाती लागेना झाला होता. हे मला तेरखेड्याचा माल फुटायच्या आधी कुणी सांगितलं नाही.

भाच्याच्या मोबाईलमध्ये एकच दचकलेला चेहरा सापडला. नेब्रास्काच्या हिशेबानं मी जिल्ह्यातला सगळ्यात कडवा माणूस ठरतो. बायकोनं हे ऐकून घेतलं आणि भाजीची पिशवी हातात दिली.

संध्याकाळी दोन्हीकडचे कार्यकर्ते घरी आले, दहा मिनिटांच्या अंतरानं.

‘‘गुरुजी, सकाळचा बॉम्ब आपलाच ना?’’

मी दोघांनाही हो म्हणालो. दोघांनीही चहा घेतला.